नाचाचे पंचांग आणि मजुरीचे पंचांग

(सायखेडा, ता. निफाड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



या अभ्यासवर्गात मी कांद्याच्या भावावर बोलावे, अशी संयोजकांची अपेक्षा होती. ज्या गावात कांद्याचा बाजार भरतो त्या गावात अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने दुसरे काय बोलावे, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. परंतु मागील बैठकीच्या वेळी एका तरुण साथीने मला एक प्रश्न विचारला आणि तो प्रश्न तेव्हापासून माझा पिच्छा पुरवीत आहे. त्याने आपल्या मोबाइलवर मला आयरिश नृत्याची एक चित्रफीत दाखविली. स्त्रीपुरुष एका लांब रांगेत उभे आहेत, कमरेच्या वरचे शरीर ताठ आहे, हात दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले आहेत आणि सारे नृत्य केवळ पायांत आहे. बुटांच्या टाचांचा लाकडी रंगमंचावर एकच कडकडाट होत आहे. ते दाखवून तो म्हणाला, "सर, आयर्लंड म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही देश नाही. तिथल्या खेड्यातला नाच जगभर जातो आणि आपला तारपा, आपली पावरी, आपला बोहाडा सुरगाणा-पेठ-जव्हारच्या बाहेर फारसा कोणाला ठाऊक नाही. असे का व्हावे?"

त्या वेळी मी त्याला "त्यांना बाजारपेठ मिळाली, आपल्याला मिळाली नाही" असे उत्तर देऊन मोकळा झालो. ते उत्तर खोटे नव्हते. पण ते अपुरे होते, आणि समाजवादी म्हणविणाऱ्या माणसाने देण्याजोगे तर मुळीच नव्हते. आज ते पुरे करण्याचा प्रयत्न करावयाचा आहे. नाचाविषयी बोलता बोलता आपण शेवटी कांद्याच्या वाफ्यात आणि द्राक्षाच्या बागेतच येऊन पोहोचणार आहोत, तेव्हा संयोजकांनी निराश होण्याचे कारण नाही.

प्रथम आयर्लंडकडे पाहू. या नृत्याची जी कीर्ती आज आपल्या कानावर येते ती अगदी अलीकडची आहे. ३० एप्रिल १९९४ रोजी डब्लिन येथे युरोपीय गीतस्पर्धेच्या मध्यंतरात 'रिव्हरडान्स' हा अवघ्या सात मिनिटांचा कार्यक्रम झाला. तो इतका गाजला की १९९५ पासून त्याचे पूर्ण लांबीचे प्रयोग सुरू झाले आणि ते देशोदेशी फिरले. पण त्या सात मिनिटांच्या मागे शंभर वर्षांची खटपट होती. १८९३ साली डब्लिनमध्ये गेलिक लीग स्थापन झाली. इंग्रजी सत्तेखाली मागे पडत चाललेली आयरिश भाषा जगविणे हा तिचा हेतू होता. पुढे तिने भाषेबरोबर नाचही हाती घेतला. पहिला मोठा सार्वजनिक नृत्यमेळावा १८९७ साली भरला, आणि तो भरला कोठे? आयर्लंडमध्ये नव्हे, लंडन शहरात. पोटासाठी परमुलखी गेलेल्या आयरिश माणसांच्या संघटनेने तो भरविला. ही गोष्ट कृपया लक्षात ठेवा. तिच्याकडे मला पुन्हा यावयाचे आहे.

त्या खटपटीला दुसरी बाजूही होती. राष्ट्राभिमानाच्या भरात लीगच्या मंडळींनी शुद्धीकरण आरंभिले. चौघा जोडप्यांनी चौकोन करून नाचावयाचे जे प्रकार आयरिश खेड्यात मुरले होते, त्यांचे मूळ फ्रेंच दरबारी नाचात आहे म्हणून त्यांना परकीय ठरविण्यात आले. खेड्यातील माणसे जे आनंदाने नाचत होती तेच 'अस्सल' नाही, असा निवाडा शहरातील शिकलेल्यांनी दिला. पुढे स्वतंत्र आयर्लंडच्या सरकारने १९३५ साली सार्वजनिक नृत्यगृहांचा कायदा केला. न्यायालयाचा परवाना असल्याखेरीज लोकांसाठी खुला नाच भरविता येणार नाही, असे ठरले. या कायद्याला धर्मगुरूंचा आग्रह कारण झाला होता. त्याची झळ घरच्या ओसरीवर आणि चव्हाट्यावर नाचणाऱ्या गरिबांना अधिक लागली. म्हणजे पहा: राष्ट्रवाद्याने नियम घातले, धर्माने आणि सरकारने परवाना घातला, आणि शेवटी बाजाराने तिकीट लावले.

तरीही नाच टिकला. का टिकला याचे माझ्या समजुतीप्रमाणे एक कारण नृत्यशाळांच्या इतिहासात सापडत नाही. ते जमिनीच्या इतिहासात सापडते. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात त्या देशातील सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देशोधडीला लागली. त्यानंतर १८७९ साली मायकेल डेव्हिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लँड लीग उभारली, कुळांनी जमीनदारांविरुद्ध लढा दिला, आणि १९०३ च्या विंडहॅम कायद्याने कुळांना सरकारी कर्जावर जमिनी विकत घेण्याची वाट मोठ्या प्रमाणावर मोकळी झाली. सगळे प्रश्न सुटले असे नाही. डोनेगॉल आणि मेयो या भागांतील गरीब शेतकरी त्यानंतरही हंगामात स्कॉटलंडला बटाटे काढावयास जातच राहिले. परंतु परत येण्यासाठी त्यांना स्वतःचे घर आणि स्वतःचे वावर होते. ज्याला परत येण्याची जागा आहे, त्याचा नाच परत येतो. मला आज जे सांगावयाचे आहे त्याचा अर्धा भाग या एका वाक्यात आला.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. नाशिक जिल्हा एक आहे असे आपण म्हणतो, पण त्यात दोन मुलूख आहेत. आपण बसलो आहोत तो गोदाकाठ: काळी जमीन, कालवे, द्राक्ष, कांदा, ऊस. येथून शंभर किलोमीटरच्या आतबाहेर सुरगाणा, पेठ, हरसूल हा डोंगराळ पट्टा आहे. तेथे कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल हे समाज राहतात. पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. निफाडात तो जेमतेम पाचशे. पण तेथील पाणी उतारावरून पश्चिमेला समुद्राकडे धावते, आणि माघ-फाल्गुनात तेथील बाया हंडे घेऊन दऱ्या उतरतात. भात, नागली, वरई ही तेथील पावसाळी पिके. ती निघाली की शेतात काम नाही.

या मुलखात नाच म्हणजे करमणुकीचा कार्यक्रम नव्हे. वर्षाच्या कामाचा तो एक भाग असतो. भात तयार झाले की वारल्यांच्या पाड्यावर तारपा निघतो. वाळलेला दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजविण्यासाठी मेण, एवढ्यावर हे वाद्य होते. वाजविणारा श्वास न तोडता फुंकत राहतो. तो मध्यभागी असतो आणि स्त्रीपुरुष एकमेकांना धरून त्याच्या भोवती साखळीने फिरतात. ती साखळी वळसे घेत आत येते आणि बाहेर जाते, परंतु नाचणारे तारपेकऱ्याकडे पाठ फिरवीत नाहीत. वारली चित्रांत आपण जे चक्र पाहतो ते हेच. मार्गशीर्षात कोकणा आणि भिल्ल वस्त्यांतून डोंगऱ्यादेवाचा उत्सव होतो. व्रत धरलेल्या माऊल्या दिवसेंदिवस उपास पाळून पावरीच्या सुरावर फेर धरतात, आणि पौर्णिमेला डोंगराच्या भेटीने त्याची सांगता होते. होळीनंतर चैत्र-वैशाखात बोहाडा येतो. संबळाच्या तालावर गणपतीपासून रावणापर्यंत देवदैत्यांची लाकडी सोंगे रात्रभर नाचतात. अमुक सोंग अमुक घराण्याने नाचवावयाचे, हा मान पिढ्यान् पिढ्या चालत येतो. आपल्या गोदाकाठालाही हे परके नाही. धुळवडीला घरातील देवांचे टाक घेऊन आपण वीर नाचवितो, तेव्हा त्यात आपला वाडवडिलांशी असलेला करारच असतो.

आता या नाचाच्या पंचांगाशेजारी दुसरे एक पंचांग ठेवा. ते आपण सारे जण तोंडपाठ जाणतो. आश्विन-कार्तिकात द्राक्षाची छाटणी. मार्गशीर्षात मण्यांची विरळणी आणि उन्हाळ कांद्याची लागवड. पौषापासून फाल्गुनापर्यंत द्राक्षाची काढणी. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत कांद्याची काढणी. ही कामे करावयास माणसे कोठून येतात? बहुतांशी त्याच डोंगराळ पट्ट्यातून येतात. मुकादम पावसाळ्यातच पाड्यावर जातो, घरात दाणा नसतो त्या वेळी उचल देतो, आणि टोळी बांधून घेतो. मग तारप्याच्या वेळी तो माणूस छाटणीवर असतो, डोंगऱ्यादेवाच्या वेळी विरळणीवर असतो, आणि बोहाड्याच्या वेळी त्याचे सारे बिऱ्हाड आपल्या कांद्याच्या शेतात पाल ठोकून असते. दोन पंचांगांतील हा मेळ जणू कोणी मुद्दाम बसविल्यासारखा आहे. नाचाचा एकही महिना मजुरीने मोकळा सोडलेला नाही.

तेव्हा "हे नाच का मरत चालले आहेत?" असा प्रश्न विचारून, टेलिव्हिजनमुळे, डीजेमुळे, नव्या पिढीच्या उदासीनतेमुळे, अशी उत्तरे देत बसणे ही स्वतःची फसवणूक आहे. नाचाला जे पाय लागतात ते आपण उचल देऊन घेतले आहेत.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात गोदाकाठच्या एका बागेत मी गेलो होतो. बागाईतदार माझा जुना विद्यार्थी. संध्याकाळी बांधावरच्या पालांपाशी एक वयस्कर गृहस्थ बसले होते आणि त्यांच्या मागे कापडात गुंडाळलेली एक लांबशी वस्तू टेकून ठेवलेली होती. विचारले तेव्हा कळले की ती पावरी. मी म्हणालो, "बाबा, इथे कशाला आणली? इथे कोण नाचणार?" ते म्हणाले, "घरी ठेवली तर उंदरं कुरतडतील, सर." थोड्या वेळाने आपणहून पुढे म्हणाले, "देव तिकडं बसलाय आन् आम्ही इकडं. औंदा आमच्या गावाचं वरीस होतं." नवसाप्रमाणे त्या गावाने उत्सव करावयाचे ते वर्ष होते. अर्धे गाव कामावर, म्हणून तो पुढे ढकलला होता. माझा विद्यार्थी शेजारीच उभा होता. तो दुष्ट मनुष्य नाही. त्याने टोळीला ठरलेले पैसे दिले होते, आजारी मुलाला दवाखान्यात नेले होते. पण त्या पावरीचे आणि त्याच्या विरळणीचे काही नाते आहे हे त्याच्या ध्यानी आले नव्हते. आणि खरे सांगावयाचे तर त्या क्षणापर्यंत माझ्याही आले नव्हते. चाळीस वर्षे मी हंगामी बेकारी आणि मजुरांचे स्थलांतर हे विषय शिकविले. त्यांच्या कोष्टकात पावरीसाठी रकाना नव्हता.

आता आपले सरकार आणि आपले प्रतिष्ठित या नाचांचे काय करतात ते पहा. १९५३ साली दिल्लीत प्रजासत्ताक दिनाला जोडून लोकनृत्यांचा महोत्सव सुरू झाला. त्यामागील हेतू निःसंशय उदात्त होता. देशातील विविधतेला एकाच अंगणात आणावयाचे होते. १९८५-८६ मध्ये विभागीय सांस्कृतिक केंद्रे निघाली. काही कलावंतांना त्यामुळे प्रवास घडला, मान मिळाला, हे नाकारू नये. परंतु रात्रभर चालणारा नाच सात मिनिटांत बसविला गेला, गोल फेराचे तोंड प्रेक्षकांकडे वळवावे लागले, आणि तारप्याकडे पाठ न करणारी माणसे मान्यवरांकडे पाठ होऊ नये म्हणून वाकडीतिकडी फिरू लागली. हळूहळू तालुक्याच्या गावी कोणी मोठा माणूस आला की 'आदिवासी नृत्याने स्वागत' हा हारतुऱ्यांसारखा एक विधी होऊन बसला.

अशा एका समारंभात मी स्वतः व्यासपीठावर होतो. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण ते कोठेही घडते. पाहुणे दहाला यावयाचे ते दोन वाजता आले. तोपर्यंत नाचणारी पंचवीसएक माणसे, त्यांत लहान मुली, उन्हात उभी होती. पाहुणे आले, नाच दहा मिनिटे झाला, छायाचित्रे निघाली. सूत्रसंचालकाने पाहुण्यांच्या साऱ्या पदव्या वाचून दाखविल्या, पण नाचणाऱ्यांच्या गावाचे नावसुद्धा त्याच्या कागदावर नव्हते. त्यांना एकेक वडापाव मिळाला. रोजाचे पैसे बुडाले ते निराळेच. मी तेथे बसलो होतो आणि काही बोललो नाही. मित्रहो, १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील वारल्यांनी जमीनदारांची वेठ नाकारली. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. त्या लढ्याने शेतातील वेठ संपविली. पण मंडपातील ही वेठ चालूच आहे, आणि तिला आपण 'संस्कृतीचे जतन' असे नाव दिले आहे.

गौरव वेगळा आणि हक्क वेगळा. विठाबाई नारायणगावकरांचा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला. २००२ साली त्या गेल्या तेव्हा त्यांच्या औषधपाण्यासाठी लोकांना मदत गोळा करावी लागली होती. नंतर त्यांच्याच नावाने शासनाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली 'पद्मश्री' मिळाली आणि त्यांच्या चित्रांतील तारप्याचे चक्र शहरांतील भिंतींवर, पिशव्यांवर, पेल्यांवर गेले. त्या चक्रातील माणसे मात्र हंगामाच्या गाडीत बसून आपल्या बागांत आली. चित्र विकत घेता येते म्हणून बाजाराला ते हवे आहे. नाच विकत घेता येत नाही, त्यासाठी गाव जागेवर असावे लागते, म्हणून त्याची बाजाराला गरज नाही.

आपण स्वतःलाही यातून वगळू नये. १९४१ साली एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली. पुढे वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्यासारख्यांनी कलापथक घडविले. 'महाराष्ट्र दर्शन', 'भारत दर्शन' यांसारख्या कार्यक्रमांतून लोकनृत्ये गावोगाव नेली. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके यांच्यासारखे कलावंत त्याच वर्तुळातून पुढे आले. सभ्य घरांतील मुलेमुली एका रंगमंचावर हात धरून नाचतात ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती. जातीच्या भिंतींना त्या पावलांनी तडे गेले. त्या परंपरेचा मला अभिमान आहे. परंतु आज मागे वळून पाहताना एक उणीव जाणवते. आपण तो नाच शिकलो आणि शहराला शिकविला. ज्यांच्यापासून शिकलो त्यांच्या जमिनीचा, मजुरीचा आणि परतीच्या वाटेचा प्रश्न आपल्या ठरावांत निराळ्या पानावर राहिला. कला सांस्कृतिक आघाडीकडे आणि मजुरी कामगार आघाडीकडे, अशी आपण वाटणी केली. नाचणारा मात्र एकच होता.

या बाबतीत तीन आक्षेप घेतले जातील. त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप आपल्यातील बुद्धिवादी मित्रांचा. डोंगऱ्यादेव, बोहाडा, भगत, अंगात येणे, हे सारे अंधश्रद्धेचे प्रकार. समाजवाद्यांनी त्यांची तरफदारी का करावी? माझे उत्तर असे की अंधश्रद्धेशी वाद घालण्याचा अधिकार तेथे जाऊन राहणाऱ्याला, दवाखाना आणि शाळा मागणाऱ्याला आहे. उत्सव मोडला म्हणून भगत मोडत नाही. उत्सव मोडला की गावाने एकत्र बसून ठरविण्याची सवय मात्र मोडते, कारण कोणाचे सोंग, कोणाचा शिधा, कोणाचा खर्च, हे सारे गाव मिळून ठरविते. ग्रामसभेचे धडे आपण ज्यांना देऊ पाहतो, त्यांची जुनी सभा हीच आहे.

दुसरा आक्षेप असा की त्यांच्या तरुणांनाच आता डीजे हवा आहे. असेल. त्यांना डीजे हवा असण्याचा तितकाच अधिकार आहे, जितका तुमच्या-माझ्या नातवंडांना आहे. आदिवासी तरुणाने आपल्या डोळ्यांच्या सुखासाठी आदिवासीच राहावे, ही अपेक्षा मी अमानुष मानतो. माझे म्हणणे एवढेच की त्याला निवड करता यावी. आज तो तारपा नाकारीत नाही; तारप्याच्या दिवसांत तो गावातच नसतो.

तिसरा आक्षेप आपल्या बागाईतदार साथींचा, आणि तो सर्वांत खरा आहे. अवकाळी पाऊस, गारपीट, औषधांचे आणि कर्जाचे हप्ते, व्यापाऱ्याने बुडविलेले पैसे, यांतून स्वतः शेतकरीच जेमतेम जगतो; त्याने आणखी काय सोसावयाचे? २०१९ च्या महापुरात गोदावरी आपल्या या गावात शिरली होती, तेव्हा शेतकऱ्याचे काय झाले हे मी कोणाला सांगावे? म्हणून मी शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाही. पण साथींनो, बाजारभावाचा अन्याय आपल्यावर होतो म्हणून आपण तो खालच्या माणसाकडे सरकवावा, हा न्याय आपल्याला मान्य होणार नाही. सायखेड्याचा कांदा उत्पादक आणि सुरगाण्याचा मजूर यांना एकत्र आणण्याचे काम दुसरा कोणता पक्ष करील?

तेव्हा करावयाचे काय? मोठे ठराव नकोत. या तालुक्यात, या हंगामापासून करता येतील अशा चार गोष्टी मी सुचवितो.

एक. उक्त्या कामाचा करार करतानाच मुकादम, बागाईतदार आणि टोळी यांनी मिळून सणाच्या रजेचे दिवस ठरवावेत. ज्या गावाचे डोंगऱ्यादेवाचे किंवा बोहाड्याचे वर्ष असेल त्या टोळीला ते दिवस मोकळे मिळावेत, जाण्यायेण्याचे भाडे मिळावे आणि उचलीवर त्याचा भुर्दंड पडू नये. सगळ्या गावांचे वर्ष एकदम येत नाही. टोळ्यांनी आपसांत पाळी लावल्यास विरळणी अडत नाही. आपल्या कार्यकर्त्यांनी अशा गावांची यादी पावसाळ्यातच करावी.

दोन. आपल्या पक्षाच्या किंवा आपल्या प्रभावातील कोणत्याही संस्थेच्या समारंभात फुकट स्वागतनृत्य होणार नाही, अशी शिस्त आपण घालून घ्यावी. नाच बोलवावयाचा तर पूर्ण दिवसाचा रोज, प्रवासखर्च आणि जेवण आधी ठरले पाहिजे. स्त्रियांचे पैसे स्त्रियांच्या हाती दिले पाहिजेत. गावाचे आणि वादकाचे नाव ध्वनिक्षेपकावरून घेतले पाहिजे. आणि पाहुणे उशिरा आले तर नाच थांबणार नाही, पाहुणे चुकतील.

तीन. जंगलाचा हक्क आणि गावातील काम. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसत असलेल्या वनजमिनीवर दावा करण्याचा अधिकार दिला आणि बांबूला गौण वनोपज मानून त्यावर गावाचा हक्क मान्य केला. तारप्याचा बांबू हा त्या कायद्याचा विषय आहे, हे आपण गावोगाव सांगितले पाहिजे. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून मुंबईपर्यंत सहा दिवस चालत गेला. त्यातील मुख्य मागण्यांपैकी एक वनजमिनीची होती, आणि त्या मोर्चात तारपाही वाजत होता. तो वाजविणाऱ्याला कोणी संस्कृती आणि जमीन यांचा संबंध समजावून सांगावा लागला नव्हता. त्याचबरोबर कामाचा हक्क आहे. ज्या महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून साऱ्या देशाला वाट दाखविली, त्या राज्यात कार्तिकातच डोंगरात जलसंधारणाची कामे निघावीत, म्हणजे उचल घेण्याची वेळ येणार नाही, ही मागणी आपण दरवर्षी भाद्रपदातच लेखी केली पाहिजे. कामे माघात निघतात तोपर्यंत गाड्या भरून गेलेल्या असतात.

चार. लंडनमधील त्या पहिल्या मेळाव्याची आठवण ठेवावयास मी सांगितले होते. परमुलखी गेलेल्यांनी संघटित होऊन तेथेच आपला नाच उभा केला. गोदाकाठी आलेल्या टोळ्यांसाठी मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास एक रात्र आपण मोकळे मैदान, दिवाबत्ती आणि पाणी यांची सोय करावी. व्यासपीठ नको, भाषण नको, स्पर्धा नको, परीक्षक तर नकोतच. त्यांनी नाचावे किंवा नुसते बसून बोलावे. आपल्यापैकी ज्याला बोलावतील त्याने फेरात जावे. न बोलावल्यास बाजूला उभे राहावे. निरनिराळ्या बागांतील टोळ्या एका जागी आल्या की मजुरीचे दरही एकमेकांना कळतील, हे अर्थशास्त्राचा शिक्षक या नात्याने मी लपवून ठेवू इच्छीत नाही.

त्या तरुण साथीला आता मी उत्तर देऊ शकतो. आयरिश नाच जगभर गेला याचा आपण हेवा करू नये. आपला नाच जगभर जावा अशी माझी महत्त्वाकांक्षा नाही. सुरगाण्याचा माणूस मार्गशीर्षात सुरगाण्याला जावा, एवढीच आहे. तेवढे साधले तर बाकीचे तो आणि त्याची पावरी पाहून घेतील.

माझ्या विद्यार्थ्याने पुढच्या हंगामासाठी त्या टोळीशी बोलणी केली आहेत. उत्सवाचे आठ दिवस सोडण्याचे त्याने कबूल केले आहे. भाड्याचे अजून ठरलेले नाही. आपल्यापैकी दोघांनी माझ्याबरोबर या रविवारी त्याच्याकडे यावे, अशी विनंती करून मी थांबतो.